‘अपिशली’ : चेंडूची उंची आणि माणसाची पायरी

१

‘अपिशली’ हे इंग्रजीतले एक साधे क्रियाविशेषण. कोशात त्याचे दोन अर्थ दिलेले असतात. पहिला माणसाच्या वागण्याचा : तोऱ्याने, चढेलपणाने, आपण कोणी वरचे आहोत अशा आविर्भावाने. दुसरा क्रिकेटचा : फलंदाजाने चेंडू जमिनीलगत न मारता हवेत मारला आणि तो झेल होऊन कोणाच्या हाती जाण्याची शक्यता निर्माण झाली, की समालोचक म्हणतो, चेंडू ‘अपिशली’ मारला. पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. शब्दाचे अर्थ फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे, ही आमच्या धंद्याची रीत. परंतु काही शब्द असे असतात की ते ओलांडून पुढे जाता येत नाही. कारण ते शब्द, किंवा त्यांची मराठी भावंडे, आपल्या बापजाद्यांच्या अंगावर फेकली गेलेली असतात.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की या दोन्ही अर्थांतले ‘वर’ एकच आहे. चेंडू असो की माणूस, तो किती वर गेला याला फारसे महत्त्व नसते. त्याला वर जाण्याचा परवाना कोणी दिला, हे आधी विचारले जाते. याचा सर्वांत बोलका पुरावा शोधायला इंग्लंडला जाण्याची गरज नाही. आमच्या पिंपरीपासून काही मैलांवर, खडकी-पुण्याच्या लष्करी वसाहतींत, सव्वाशे वर्षांपूर्वी तो घडलेला आहे. त्या इतिहासाकडे जाण्यापूर्वी शब्दाचा इतिहास पाहू.

‘अप’ म्हणजे वर. त्याला ‘इश’ हा प्रत्यय लागून ‘अपिश’ हे विशेषण झाले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘सढळ हाताने पैसा उधळणारा’ असा होता. अठराव्या शतकात तो ‘गर्विष्ठ, उद्धट’ या अर्थी रुळला. हा प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याच्या खिशात आजच पैसा आला तो उद्या उद्धट ठरला. जो पिढ्यान्पिढ्या गढीत राहतो, ज्याच्या पणजोबापासून जमीन आहे, त्या सरदाराला कोणी ‘अपिश’ म्हणत नाही. त्याच्या ताठ मानेला ‘रुबाब’ म्हणतात, ‘खानदानी’ म्हणतात. मान तीच, ताठपणा तोच. फरक एवढाच की एकाची मान जन्मतः वर आहे आणि दुसऱ्याने ती वर केली आहे.

आता आपल्या मराठीकडे पाहा. ‘वर तोंड करून बोलतो’, ‘पायरी सोडून वागतो’, ‘डोईजड झाला’, ‘शेफारला’, ‘माजला’. यांतला एकही शब्दप्रयोग पाटलाने कुलकर्ण्याविषयी वापरलेला सहसा ऐकू येत नाही. हे सारे शब्द वरून खाली येणारे आहेत. आणि या सगळ्यांचा कळस म्हणजे ती म्हण : पायातली वहाण पायातच बरी. वहाण शिवणाऱ्याला वहाणेच्या जागी ठेवणारी ही म्हण शाळेच्या पुस्तकांतून आपण पाठ केली, तिचे वाक्यात उपयोग केले, आणि तिच्यासाठी गुणही मिळवले.

इंग्रजी भाषेनेही चर्मकाराला सोडलेले नाही. ‘स्नॉब’ म्हणजे शिष्ट, खालच्यांना तुच्छ लेखणारा, असा अर्थ आज आपण घेतो. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘स्नॉब’ म्हणजे चक्क जोडे शिवणारा, चांभार. पुढे केंब्रिजचे विद्यार्थी विद्यापीठाबाहेरच्या सामान्य गावकऱ्याला ‘स्नॉब’ म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात त्याचा अर्थ ‘वरच्यांची नक्कल करणारा सामान्य माणूस’ असा झाला. कलकत्त्यात जन्मलेल्या थॅकरेने १८४८ साली ‘बुक ऑफ स्नॉब्स’ हे पुस्तक काढून तो अर्थ पक्का केला. आणि विसाव्या शतकापर्यंत हा शब्द उलटा फिरून खालच्यांना तुच्छ लेखणाऱ्या वरच्या माणसाला लागू झाला. म्हणजे वरच्यांच्या शिष्टपणाला नाव हवे होते, तेव्हाही ते चांभाराच्या घरातूनच उचलले गेले.

अमेरिकेत याच ‘अप’पासून ‘अपिटी’ हा शब्द निघाला. १८८० च्या सुमारास तो छापील इंग्रजीत आला, आणि पुढे दक्षिणेतल्या गोऱ्यांनी तो कृष्णवर्णीयांविरुद्ध हत्यारासारखा वापरला. जो काळा माणूस रस्त्यावरून खाली उतरत नाही, डोळ्याला डोळा भिडवतो, मतदानाला नाव नोंदवतो, तो ‘अपिटी’. या शब्दामागून पुष्कळदा दोरखंड येत असे. १९६६ साली अमेरिकेत ब्लॅक पँथर आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा दोन्हीकडच्या प्रस्थापितांची पहिली तक्रार शब्दशः एकच होती : यांची भाषा उद्धट आहे.

२

क्रिकेटमध्ये हा शब्द कसा आला? व्हिक्टोरियन काळातल्या क्रिकेटच्या शिकवणुकीत चेंडू जमिनीलगत ठेवणे हा फलंदाजीचा सदाचार मानला जात असे. बॅट सरळ, कोपर वर, चेंडू गवतावरून. हवेत मारणे म्हणजे संयम सुटणे. त्यामुळे ‘अपिश’ फटका या शब्दात नुसते वर्णन नाही, एक ठपकाही आहे. फलंदाजाने आपली मर्यादा सोडली, असे त्यात सुचवलेले असते.

येथे एक गंमत आहे. हवेत गेलेला तोच चेंडू क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून सीमेपार पडला, तर त्याला ‘अपिश’ म्हणत नाहीत. मग तो ‘लॉफ्टेड’ होतो, उत्तुंग होतो, प्रेक्षक उभे राहतात. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर नागपूरच्या कर्नल सी. के. नायडू यांनी एम.सी.सी.च्या गोऱ्या गोलंदाजांना ११ षटकार मारून १५३ धावा केल्या. त्या खेळीचे पोवाडे आजही गायिले जातात आणि ते योग्यच आहे. चेंडू हवेत होता, पण त्याला कोणी आगाऊपणा म्हटले नाही. खेळाडूची कुवत, त्याचे घराणे, काळाची राष्ट्रीय भावना या सगळ्यांनी त्या उंचीला आधीच मान्यता दिलेली होती. उंचीचा निवाडा फटका कोठे पडतो यावर होतो, आणि फटका मारणारा कोण आहे यावरही होतो.

क्रिकेटमधली वर्णव्यवस्था इंग्लंडमध्ये उघड होती. ‘जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स’ हा सामना १८०६ पासून १९६२ पर्यंत खेळला गेला. जंटलमन म्हणजे पैसे न घेता खेळणारा हौशी, घरचा सधन. प्लेयर म्हणजे मजुरीवर खेळणारा. दोघांचे कपडे बदलायचे खण वेगळे, मैदानात उतरायची दारे वेगळी. धावफलकावर हौशीच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आणि मजुराची आडनावानंतर. लॉर्ड्सवर एकदा टिटमस या खेळाडूची आद्याक्षरे चुकून पुढे छापली गेली, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली ही हकिगत प्रसिद्ध आहे. आद्याक्षरांनीही पायरी सोडायची नव्हती.

आणि श्रमविभागणी? फलंदाजी हा ऐटीचा, दिसण्याचा, टाळ्या घेण्याचा भाग. उन्हात दिवसभर गोलंदाजी करणे हे अंगमेहनतीचे काम, ते बव्हंशी मजुरांकडे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेबद्दल म्हटले होते की ती केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. ते सूत्र क्रिकेटच्या मैदानाला जसेच्या तसे लागू पडते.

३

ही इंग्रजी वर्णव्यवस्था आणि आपली देशी वर्णव्यवस्था जेथे एकमेकींना भेटल्या, ते ठिकाण म्हणजे पुणे. आणि त्या दोन्हींच्या कात्रीत जो सापडला, तो माणूस म्हणजे पाळवणकर बाळू.

बाळूचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. कुटुंब चांभार जातीचे. वडील लष्कराच्या चाकरीत. लष्करी छावणी ही त्या काळच्या अस्पृश्यांच्या इतिहासातली फार मोठी जागा आहे. तिने गावगाड्याबाहेरचा पगार दिला, काही ठिकाणी शाळा दिली, आणि सकाळी उठून पाटलाच्या दारात उभे न राहण्याची मुभा दिली. बाबासाहेबांचे घराणेही लष्करातलेच, हे आपण जाणतोच. बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम पुण्यात क्रिकेट शिकले ते गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर.

बाळूची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्लबात, महिना ३ रुपये. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, मध्येच सभासदांना चेंडू टाकायचे. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या क्लबात गेला, महिना ४ रुपये. काम तेच : जाळी उभारणे, खेळपट्टी आखणे, टेनिसची कोर्टे राखणे. तेथे त्याला सरावासाठी गोलंदाजी करायला सांगण्यात आले, आणि त्याच्या डाव्या हातातली करामत उघड झाली. क्लबाचा नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग तासन्‌तास त्याच्यासमोर सराव करी. बाळूने बाद केले की ग्रेग त्याला दर वेळी आठ आणे देई, अशी हकिगत सांगतात.

येथे थांबून एका गोष्टीकडे पाहिले पाहिजे. बाळू मंदगती डावखुरा गोलंदाज. या जातीच्या गोलंदाजाचे सारे कसब चेंडूला हवेत उंची देण्यात असते. चेंडू वर तरंगतो, फलंदाजाला मोह होतो, तो पुढे सरसावतो, हवेत मारतो आणि झेल देतो. म्हणजे समोरच्याला ‘अपिशली’ खेळायला लावणे हाच बाळूचा धंदा. साहेबांचा तोल घालवण्याचे त्याला आठ आणे मिळत. पण त्या सगळ्या वर्षांत त्या क्लबात बाळूच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या माणसाला एक चेंडू मारू दिला नाही. जमिनीलगतचा फटका नाही आणि हवेतलाही नाही. ‘अपिशली’ या शब्दाचा क्रिकेटमधला अर्थ स्वतःच्या अंगाने अनुभवण्याचा हक्कच त्याला नव्हता.

हे गोऱ्यांच्या वर्णव्यवस्थेचे झाले. आता आपली. पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि बाळूवाचून ते होणार नव्हते. त्याला घ्यावे की नाही यावर सभासदांत खल झाला. तेलुगू सभासद अनुकूल होते, ब्राह्मण सभासदांना अडचण वाटत होती. अखेर तो संघात आला. मैदानावर चेंडू एकच असे. तो बाळूच्या हातून सुटे आणि ब्राह्मण यष्टिरक्षकाच्या हाती जाई, त्याने काही बाटत नसे. चहाची वेळ झाली की इतर जण पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूला बाहेर, वापरून टाकून द्यायच्या मातीच्या पेल्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायचे झाले तर पाणी ओतायला अस्पृश्य गडी.

पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके असे, अशी आपली परंपरा सांगते. जिमखान्याच्या पुण्यात ते मडके गळ्यातून निघून हातात आले. सुधारणा झाली ती एवढीच.

आणि तो चेंडू तरी कशाचा होता? कातड्याचा. आजही मेरठ-जालंधरच्या चर्मकार वस्त्यांत कारागीर हाताने टाके घालून हे चेंडू शिवतात. ज्या कातड्याला हात लावतो म्हणून एक जात विटाळ ठरली, तेच कातडे लाल रंग लावून, साहेबाच्या खेळातून आले, तेव्हा पुण्यातल्या सोवळ्यांनी ते मांडीला घासून चमकवले. विटाळाला तर्क नसतो असे आपण म्हणतो. मला वाटते त्याला पक्का तर्क असतो. जेथे सत्ता मिळते, प्रतिष्ठा मिळते, तेथे विटाळ माघार घेतो. जेथे दुसऱ्याला बरोबरीने बसवावे लागेल, तेथे तो तत्काळ परत येतो. चेंडू मैदानात होता, चहा बाकावर होता.

४

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो आता बराच प्रसिद्ध झाला आहे. बाळूचा भाऊ विठ्ठल याने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत लिहिले. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली इंग्रजीत क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिताना पाळवणकर बंधूंना त्यांची जागा दिली. पण विठ्ठलचे पुस्तक आणि गुहांचे पुस्तक यांच्यामध्ये ५४ वर्षे गेली. या काळात मराठीत क्रिकेटवर काय कमी लिहिले गेले?

बाळू मुंबईला गेला, रेल्वेच्या नोकरीत आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूने दोन्ही डावांत मिळून ८ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होता. १९११ साली पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूने दौऱ्यात १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. त्या वेळी त्याचे वय ३५ होते.

असा माणूस हिंदूंच्या संघाचा कर्णधार झाला का? नाही. वर्षानुवर्षे मागणी होत राहिली आणि वर्षानुवर्षे डावलले गेले. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले. आपल्या सत्काराला उत्तर देताना त्यांनीच सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूला मिळायला हवा होता. पै यांच्या या प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे. पण प्रामाणिकपणाने पद बदलत नाही.

मग १९२० साल उजाडले. पहिल्या सामन्यातून बाळूला वगळले. पै आजारी होते. कर्णधारपद विठ्ठलला मिळणे न्यायाचे होते. ते पुण्याच्या दि. ब. देवधरांना देण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे आपल्याला डावलले जात आहे, असे निवेदन जाहीर केले.

माझ्या मते भारतीय क्रीडेच्या इतिहासातला हा पहिला मोठा ‘अपिश’ फटका आहे. तोपर्यंत पाळवणकर घराणे जमिनीलगत खेळत होते. बाहेर चहा प्यायले, गप्प राहिले, बळी घेतले, धावा काढल्या. गुणवत्ता सिद्ध केली की मान आपोआप मिळेल, असे आपल्याला शिकवले जाते. बाळूने ती जवळजवळ तीस वर्षे सिद्ध केली. मान मिळाला नाही. भावांनी पायरी सोडली, वर तोंड करून बोलले, झेल जाण्याचा म्हणजे कारकीर्द संपण्याचा धोका पत्करला, तेव्हा हालचाल झाली. अंतिम सामन्यात दोघे भाऊ परत आले, बाळूला बोलावून उपकर्णधार केले गेले. आणि १९२३ साली विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला. हिंदूंनी ती चौरंगी स्पर्धा जिंकली आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतले. यात काळाचा वाटा होता हे खरे. असहकाराची चळवळ चालू होती, १९२० च्या डिसेंबरात नागपूर काँग्रेसने अस्पृश्यतानिवारणाचा ठराव केला होता. परंतु तो काळ कोणीतरी मैदानाबाहेर पाऊल टाकून स्वतःकडे ओढावा लागतो.

तुलनेसाठी बाहेर पाहू. १९२५ साली लॉर्ड हॉक यांनी जाहीर भाषणात देवाची करुणा भाकली होती की, मजुरीवर खेळणारा इंग्लंडचा कर्णधार होण्याची वेळ येऊ नये. ती वेळ आली १९५२ साली. लेन हटन कर्णधार म्हणून पहिल्यांदा उतरला तो लीड्सला, भारताविरुद्ध. वेस्ट इंडीजमध्ये संपूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार मिळायला १९६०-६१ चा ऑस्ट्रेलिया दौरा उजाडावा लागला. तो कर्णधार फ्रँक वॉरेल. त्यासाठी सी. एल. आर. जेम्स या विचारवंताला वर्तमानपत्रातून मोहीम चालवावी लागली. पाळवणकरांचा लढा या दोघांच्याही आधीचा आहे. जेम्स यांच्या ‘बियाँड अ बाउंडरी’वर आमच्या विद्यापीठांतून चर्चासत्रे होतात. विठ्ठलच्या आत्मचरित्रावर किती झाली?

५

बाळूच्या उत्तरायुष्याबद्दल आपल्या चळवळीत एक अवघडलेपण आहे. ते झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात पुणे करार झाला, त्यावर सही करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळूचा कल बाबासाहेबांच्या बाजूला नव्हता. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात बाळूलाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूला ११,२२५.

या दोन आकड्यांकडे मी पुष्कळदा पाहिले आहे. बाळूला गद्दार म्हणणे सोपे आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ज्या प्रस्थापितांनी बाळूला तरुणपणी पॅव्हेलियनमध्ये कपभर चहा दिला नाही आणि उमेदीच्या काळात कर्णधारपद दिले नाही, त्यांना १९३७ साली त्याचे नाव एवढे प्रिय का झाले? कारण समोर त्यांच्या दृष्टीने खरा ‘अपिश’ माणूस उभा होता. महाडला १९२७ साली तळ्यावर गेलेला, मनुस्मृती जाळलेला, गोलमेज परिषदेत बरोबरीने बसलेला, कोट-टायमध्ये इंग्रजी बोलणारा. त्याला अडवायला ‘नम्र’ अस्पृश्य हवा होता. आणि नम्रतेचे प्रशस्तिपत्र बाळूच्या गळ्यात घालून त्याला पुढे केले गेले.

ज्याला एकेकाळी बॅट दिली नाही त्यालाच आता खेळायला बोलावले गेले, पण फळी त्यांची आणि डावही त्यांचा. बाळूची क्रीडेतली थोरवी याने कमी होत नाही. ४ जुलै १९५५ रोजी तो वारला. त्याच्या आधी काही महिने, २५ डिसेंबर १९५४ रोजी, आमच्या देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. एकाच समाजाच्या दोन वाटा. एक वाट म्हणत होती, आम्हांला तुमच्या संघात घ्या. दुसरी वाट विचारत होती, हा संघ कोणाचा, आणि त्याचे नियम कोणी केले?

६

हा सगळा इतिहास झाला, मग आज त्याचे काय? पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या आपल्या लोकांच्या दोन-तीन पिढ्या कारखान्यांच्या भिंतींना लागून वाढल्या. माझे वडीलही बीडकडून असेच आले आणि भोसरीत हेल्परचे काम करू लागले. आमच्या वस्तीत कारखान्याच्या कंपाउंडला लागून टेनिस बॉलचे क्रिकेट चालायचे. तेथे एक नियम होता, जो महाराष्ट्रातल्या बहुतेक वस्त्यांत असतो : बॉल डायरेक्ट भिंतीपलीकडे गेला तर आऊट. भिंतीपलीकडे गेलेला बॉल परत मिळत नाही, वॉचमन शिव्या देतो, म्हणून हा नियम. मैदान ज्याच्या मालकीचे असते त्याला षटकार मिळतो. मैदान नसलेल्याला त्याच फटक्यावर बाद व्हावे लागते. देहूरोडच्या पलीकडे गहुंज्याला २०१२ पासून आंतरराष्ट्रीय सामने खेळले जातात, तेथे हवेत गेलेल्या चेंडूला हजारो लोक टाळ्या देतात. आमच्या वस्तीतल्या पोराला तो फटका मारू नको, हे खेळच शिकवून जातो.

माझा एक विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. तेथे खात्याखात्यांत क्रिकेटचे सामने होतात. त्याने मला सहज सांगितले, ‘सर, साहेब लोक आधी बॅटिंग करतात. आम्ही बॉलिंग आणि फिल्डिंग. आमची बॅटिंग येईपर्यंत अंधार पडतो.’ त्याने बाळूचे नाव तोपर्यंत ऐकलेले नव्हते. मी त्याला ते सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

आमच्या शिकल्या-सवरल्यांच्या जगात हीच गोष्ट गोड आवाजात होते. मी हप्त्यावर जुनी चारचाकी घेतली तेव्हा एक सहकारी हसत म्हणाले, ‘आता काय बाबा, तुमचेच दिवस.’ या वाक्यात एकही अपशब्द नाही. पण ‘तुमचे’ या शब्दात एक जात बसलेली आहे आणि ‘आता’ या शब्दात पायरी सोडल्याची नोंद आहे. इंग्रजीत याला ‘अपिश’ म्हणावे की नाही यावर कोशकार चर्चा करोत.

खेड्यात हीच गोष्ट गोड आवाजात होत नाही. २००६ साली खैरलांजीत एका कुटुंबातल्या चौघांना ठार मारले गेले. ते कुटुंब स्वतःची शेती कसत होते आणि मुलांना शिकवत होते. २०१४ साली खर्ड्यात एका शाळकरी मुलाचा जीव घेतला गेला. घोड्यावरची वरात, गाडीवरचे नाव, मोबाईलमधले भीमगीत, पिळलेली मिशी, यांपैकी काहीही पुरते. प्रत्येक ठिकाणी गावाचे म्हणणे एकच असते : लई माजले होते. एका शब्दाची किंमत काय असते हे ज्यांना कळत नाही त्यांनी या गावांची यादी वाचावी.

म्हणून विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे काही सांगणे आहे. पहिले असे की भाषेच्या तासाला शब्दांचे अर्थ सांगताना ते कोणी कोणाला म्हटले, हेही सांगा. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण शिकवायचीच असेल तर तिच्याशेजारी पाळवणकर बाळूचे नाव लिहा. दुसरे असे की विठ्ठलचे आत्मचरित्र आपल्या वाचनालयांतून, वसतिगृहांतून, जयंतीच्या व्याख्यानमालांतून वाचले गेले पाहिजे. तो आपला दस्तऐवज आहे. त्याची ओळख आपल्याला इंग्रजी पुस्तकातून व्हावी हे शोभत नाही. तिसरे असे की कोणी आपल्या पोरांना ‘माजलेत’ म्हणाले तर लगेच आपण त्यांना नम्रतेचे धडे द्यायला बसू नये. आधी पाहावे की पोरगा खरोखर कोणाला तुच्छ लेखतो आहे, की नुसता सरळ उभा आहे. तो कोणाला तुच्छ लेखत असेल, आपल्यातल्याच एखाद्या पोटजातीला किंवा घरातल्या बाईला, तर त्याला जरूर सुनवावे. तसा चढेलपणा आपल्यातही शिरतो, आणि तो ब्राह्मण्याचाच अंश आहे. पण तो नुसता सरळ उभा असेल, तर आपण त्याच्या बाजूला जाऊन उभे राहावे. हवेत मारलेला प्रत्येक फटका सीमेपार जात नाही. काही झेल जातात, आणि आपले काही झेल जिवानिशी गेले आहेत. म्हणूनच मारणाऱ्याला एकटे सोडता कामा नये.

बाळूला तीस वर्षे जमिनीलगत खेळून मिळाले नाही, ते त्याच्या भावांनी एका निवेदनाने ओढून आणले. ते निवेदन त्या काळी काही जणांना उद्धट वाटले असेल. आज ते वाचताना फक्त न्याय्य वाटते. एवढा बदल व्हायला शंभर वर्षे लागली. आपण आज जे बोलू ते न्याय्य वाटायला आणखी शंभर वर्षे लागू द्यायची की नाहीत, हे आपण किती मोठ्याने आणि किती जण मिळून बोलतो, यावर ठरेल.